सर्वांत खालचा राक्षस

सकाळी सर्वण गावातल्या आपल्या अंगणात कृष्णनाथ मरायचा सराव करत होता. आधी कोपर, मग खांदा. डोकं कधीच नाही. धप्पकन पडला, उठला, धूळ झटकून पुन्हा पडला. दोन्ही कोपरांना घट्टे पडले होते.

"बाबा, पुरे. चहा निवतोय," गौरवी म्हणाली. ती साखळी गावच्या शाळेत शिकवायची. बसची वेळ झाली होती.

"काल देवान बरगडीत हाणलां, अजून दुखता." देव म्हणजे सर्वेश, नाटकमंडळातला नायक.

बाबुरावांच्या दशावतारी मंडळात कृष्णनाथने उभा जन्म राक्षस होऊन काढला होता, आणि राक्षसांतही सर्वांत खालचा. वर दैत्यराज, म्हणजे खुद्द बाबुराव. त्याच्याखाली सेनापती, मग सरदार, मग हा. संवाद कुणी लिहून देत नसे. जो तो तिथल्या तिथे रचायचा. एक नियम मात्र मंडळात कुणी मोडत नसे. लढण्याआधी विचारायचं, 'तू कोण?' आणि उत्तर पुरं होईपर्यंत शस्त्र चालवायचं नाही. बाबुराव नाव, कूळ, पराक्रम सांगत कितीतरी वेळ जगायचे. सर्वांत खालच्या राक्षसाला कुणी विचारत नसे. तो आला की कापायचा.

"माझी जाप, माझां उत्तर, तयार आसा गो," कृष्णनाथ कप खाली ठेवत म्हणाला. "कितलीं वर्सां झालीं. पण माका कोण विचारता? एकदा तूच विचार मगे."

"संध्याकाळी विचारते. आता बस चुकेल."

"सांजे तर सांजे. राक्षसाक खंयची घाई!"

संध्याकाळी ती परतली तेव्हा अंगणात शेजारी जमले होते. कृष्णनाथ या वेळी कोपरावर पडला नव्हता, आणि पुन्हा उठलाही नव्हता.

पुढच्या हंगामात बाबुरावांनी तिला मोरजीच्या जत्रेतल्या खेळाला बोलावलं. "ये गो बाय. त्याच्या नावान नारळ ठेवतंव." ती पहिल्या रांगेत बसली.

दैत्यांची हार होत होती. बाबुराव बाकड्याच्या सिंहासनावरून उतरले आणि त्यांनी सेनापतीच्या छातीत लाथ घातली. सेनापती उठला, त्याने सरदाराच्या कानफटात दिली. सरदाराने सर्वांत खालच्या राक्षसाला केसांना धरून फरफटवलं, पाठीत काठी हाणली. या राक्षसाला हाणायला खाली कुणी उरलं नव्हतं. तो एकटाच देवावर धावला.

अंगरखा बाबांचा होता. उजव्या कोपराला तिनेच घातलेले टाके होते. आत नवा माणूस होता, गोपाळ.

पखवाज पिसाळला. सर्वेशची लाकडी तलवार गोपाळच्या खांद्यावर बसली, मग पोटात, मग मांडीवर. गोपाळला पडता येत नव्हतं. फळ्यांवर त्याचं डोकं आपटलं. रंग लावलेल्या कपाळावरून खरं रक्त उतरलं. तो उठायला गेला, तर सर्वेशने त्याला गुडघ्याने पुन्हा लोळवलं आणि छातीवर पाय रोवला.

"मार! मार!" मांडव ओरडला.

गौरवीच्या मागून एका बाईने नवऱ्याला विचारलं, "आणि हो राक्षस कोण?"

"कोण न्हय गो. मरपाक आयलाहा."

सर्वेशने दोन्ही हातांनी तलवार वर उचलली. शेवटच्या थापेसाठी पखवाज क्षणभर थांबला. तेवढ्यात गौरवी उभी राहिली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज मांडवाच्या पार टोकाला गेला.

"राक्षसा, तू कोण?"