रेड्याने पाडलेली भिंत

“सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही,” गवंडीआजोबा म्हणाले, “पण त्या रेड्याने भिंत नुसती पाडली नाही. शिंगांवर उचलली आणि शाळेला अख्खी एक फेरी मारली!”

समोर बसलेल्या पाहुण्या पोरांनी आ वासला. डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, हातात कोरे करकरीत हातमोजे. दोन देश ओलांडून ही शाळकरी पोरं विमानाने आली होती, ती इथल्या गावाची शाळा बांधायला. आजोबा एक वाक्य त्यांच्या भाषेत टाकत आणि लगेच तेच गावच्या भाषेत, कारण गावची पोरंही कुंपणावर चढून ऐकत होती आणि ऐकणाऱ्याला उपाशी ठेवणं आजोबांच्या रक्तात नव्हतं. ती परकी भाषा त्यांनी तिकडच्या बंदरावर बारा वर्षं विटा रचताना उचलली होती. थापा मात्र घरच्याच.

भिंत आठवीच्या वर्गाची. सात वर्षांपूर्वी अशाच पाहुण्या पोरांच्या पहिल्या तुकडीने तिची पहिली वीट ठेवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीने ठेवली, तीही पहिलीच. तिसरीनेही तेच केलं. पोरं यायची, दहा दिवसांत भिंत कमरेएवढी आणायची, तिच्याशेजारी फोटो काढायची, गावच्या पोरांच्या गळ्यात पडून रडायची आणि जायची. पुढची तुकडी येईपर्यंत भिंत पडलेली असायची. एकदा वादळाने, एकदा पुराने, एकदा भूकंपाने. तो भूकंप तेवढ्या भिंतीपुरताच झाला होता.

वादळ, पूर आणि भूकंप तिन्ही आजोबांच्या पिशवीत असायचे. एक छिन्नी आणि एक हातोडी. या सहली आणणाऱ्या साहेबांनी पहिल्याच वर्षी त्यांना बाजूला घेतलं होतं. “आजोबा, दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं काम पुरं करायला कोण विमानाने येतं? ज्याला त्याला सुरुवात करायची असते.” आजोबांना ते पटलं नाही. पण मुलगा आणि सून एकाच वर्षात गेले होते, घरात सहा वर्षांची नात होती आणि म्हाताऱ्या गवंड्याला दुसरं कुणी बोलावत नव्हतं. तेव्हापासून ते विटा जोडायच्या मालात सिमेंट नावापुरतं घालत. म्हणजे पुढे विटा सुट्या करताना हात दुखत नाहीत.

अलीकडे नव्या थापांचा तुटवडा पडू लागला होता. पण पोरं दर वर्षी नवी, त्यामुळे शिळी थापही खपून जायची. त्यांना घेऊन येणाऱ्या बाई तेवढ्या त्याच. भोळ्या बिचाऱ्या. प्रत्येक गोष्टीला मान डोलवायच्या, पडलेल्या भिंतीकडे बघून डोळे पुसायच्या. सात वर्षांत गावच्या भाषेतले दोनच शब्द त्यांच्या तोंडून आजोबांनी ऐकले होते. ‘पाणी’ आणि ‘पुरे’.

घोटाळा यंदा झाला. नात सातवी पास झाली. आठवीचा वर्ग नाही म्हणजे शाळा संपली. तिच्याबरोबरच्या मुली शिलाईच्या कारखान्यात जाऊ लागल्या होत्या, आणि सोमवारपासून तिलाही जायचं होतं. मागच्या वर्षीची तुकडी गेली तेव्हा आजोबांनी तिला शब्द दिला होता, “ही भिंत मी राखतो. वादळाला म्हणावं, आधी म्हाताऱ्याला पाड.” वर्षभर ती येता-जाता भिंतीवर हात ठेवून जायची. महिन्यापूर्वी साहेबांचा निरोप आला, तुकडी निघतेय. आजोबांनी नातीला दोन दिवस मावशीकडे धाडलं.

आणि आता ती विटांच्या ढिगाशी उभी होती. रेड्याची दुसरी फेरी सुरू झाली होती, पण ती ऐकत नव्हती. एक वीट उचलून तिने फिरवून पाहिली. मग दुसरी. मग तळातली एक. ती आजोबांच्या मांडीवर विटा बघत वाढलेली पोर. धक्क्याने पडलेली वीट कशी फुटते आणि छिन्नीने सोडवलेली कशी निघते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“आजोबा, यात एकही वीट फुटलेली नाही.”

“चांगल्या भट्टीची आहे गं. तर तो रेडा...”

“कोपरेसुद्धा शाबूत आहेत.” तिचा आवाज मोठा होता. “ही भिंत कुणी पाडली नाही. ही तुम्ही उतरवलीत.”

टोपीवाल्या एका मुलीने आजोबांना विचारलं, “काय म्हणाली ती?”

आयुष्यात पहिल्यांदाच आजोबांना थाप सुचेना. त्यांनी नातीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. जाऊ दे. यांच्या हातून यंदा भिंत पुरी तरी होईल. त्यांनी छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं.

“मी सांगते,” बाई पुढे आल्या आणि हसत पोरांकडे वळल्या. “ती म्हणतेय, तुमच्यामुळे मला शाळा मिळणार.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. चार-पाच मुली धावत येऊन नातीच्या गळ्यात पडल्या. तिच्या हातातली वीट दगडावर पडून फुटली. कुणीतरी फोटो काढला.

बाईंनी आजोबांच्या खांद्यावरची विटांची धूळ हलकेच झटकली. मग खाली वाकून, कुठेही न अडखळता, गावच्या भाषेत त्या म्हणाल्या,

“पुढच्या वर्षी रेडा नको, आजोबा. तो चौथ्या वर्षी सांगून झालाय.”