सासरे अडकतात तेव्हा

सासरे पुन्हा अडकले. चार-सहा पावलं नीट चालले आणि हात मागे बांधून पडद्यावर खिळले. मग एकदम सुटले, थोडं चालले, पुन्हा खिळले.

जावयाने कपाळाला हात लावला. संध्याकाळी सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागले होते आणि इथे फिल्मला उचकी लागली होती. जावई धंद्याने व्हिडिओ एडिटर. परक्यांची लग्नं तो अशी जोडून द्यायचा की भांडलेले व्याहीसुद्धा प्रेमळ दिसत. घरच्या एकाच कामात तोंडघशी पडला होता. मेहुणीच्या लग्नाची फिल्म सगळ्या गोतावळ्यासमोर धापा टाकत, थांबत थांबत, हप्त्याहप्त्याने चालली. तेव्हापासून साडू त्याला 'हप्तेवाले' म्हणत. आज पुन्हा तेच झालं, तर हे नाव पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळणार होतं.

सकाळपासून त्याने काय नव्हतं केलं? कॅमेऱ्यातून आलेल्या फाइली म्हणजे गच्च दाबून भरलेल्या बॅगा. एक रुमाल हवा असला तरी कॉम्प्युटरला सगळी बॅग उपसावी लागायची. म्हणून त्याने त्या एडिटिंगला सोप्या पडतील अशा प्रकारात बदलून घेतल्या. बदलल्यावर त्या इतक्या फुगल्या की बाहेरून जोडलेली जुनी डिस्क त्या वेळेवर पुरवू शकेना. मग सगळा पसारा उचलून त्याने कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर नेला, आणि फिल्म चालू लागली. नातवंडांचे दंगे सुरळीत झाले. सासूबाईंची मुलाखतही सुरळीत झाली. तीत त्या न अडखळता सांगत होत्या, "पन्नास वर्षं हा माणूस माझ्या पुढे चालतोय. एकदा मागे वळून पाहिलं असेल तर शपथ!"

फक्त सासऱ्यांचं सकाळचं फिरणं तेवढं अडकत होतं. बायकोने गॅलरीत कॅमेरा चालू ठेवून ते गुपचूप टिपलं होतं, कारण कॅमेरा दिसला की सासरे पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करत. मागे मैदानाची लांबलचक कोरी भिंत. ना झाड, ना माणूस. त्याने फाइल पुन्हा बदलून आणली. सासरे त्याच ठिकाणी थांबले. तयार केलेला तुकडा बायकोच्या फोनवर लावून पाहिला. तिथेही तेच.

"बाबांनी सगळ्यांना घाम फोडलाय आजवर. आता तुझ्या मशीनला फोडतायत," बायको चहा ठेवत म्हणाली. "एवढं काय त्यात? थांबलेलं कापून टाक, चालतानाचं जोड. कुणाला कळतंय?"

एडिटरला आपलीच विद्या बायकोकडून ऐकून घ्यावी लागली. त्याने कापायला घेतलं. सांधा नीट बसतोय का ते पाहायला बंद ठेवलेला आवाज चालू केला.

फटक, फटक, फटक.

चित्र थांबलं होतं, पण आवाज थांबला नव्हता. संथ, एका लयीत, जवळ येत होता. आणि सासऱ्यांच्या पायांत तर बूट होते.

तेव्हा त्याला आठवलं. सासूबाईंनी शूटिंगच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मला त्या झिजक्या चपलांत दाखवलंत तर बघा!" म्हणून त्याने चौकटीची एक बाजू छाटून त्यांना बाहेर काढलं होतं आणि चपलांचा आवाजही बंद केला होता. आता त्याने छाटलेली बाजू परत उघडली.

मागून गुडघा सांभाळत सासूबाई येत होत्या, नजर रस्त्यावर. सासरे पुढे खांबासारखे उभे. मान वळवत नव्हते, नुसते ऐकत होते. चपला जवळ आल्या की चालू लागत. आवाज मागे पडला की थांबत.

"बाबा?" बायको खुर्चीच्या हातावर बसली. "बाबा थांबतात?"

चहा निवला. जावयाने कापलेले तुकडे एकेक करून परत जागेवर ठेवले.

संध्याकाळी खोली भरली. फिल्म झकास चालली. मुलाखतीला टाळ्या पडल्या. मग मैदानाची भिंत आली, सासरे आले आणि थांबले.

"अडकलं!" साडू आनंदाने ओरडले. "वाटच बघत होतो, हप्तेवाले!"

सगळे हसले. त्या हसण्यात चपलांचा आवाज कुठल्या कुठे गेला, आणि पडद्याच्या कडेने मागून आलेल्या सासूबाईंकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पडद्यावरचे सासरे सुटले, पुन्हा थांबले. खोलीतल्या सासऱ्यांचे कान लाल झाले होते.

"मी कशाला थांबतोय?" ते खाकरले. "मशीनमध्ये बिघाड आहे तुमच्या."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते नावही कायमचं पुसलं गेलं असतं.

"हो बाबा," तो म्हणाला. "डिस्क जुनी झालीय."

साडूंनी टाळी वाजवली. जावयाला स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्याला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

फिल्म संपल्यावर सासूबाई केकची बशी घेऊन त्याच्यापाशी आल्या. तुकडा चांगला मोठा होता.

"चपला दाखवल्यातच शेवटी."

"चुकलं, आई. पण तुम्ही पाहिलंत ना? बाबा तर..."

"हळू बोला!" सासूबाईंनी मागे वळून सासरे दूर आहेत ना ते पाहिलं. "मशीनच बिघडलंय म्हणा. मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं, तर थांबायचे बंद होतील."