इतर शेरा

“हे अक्षर तुमचंच ना, बाई?”

मुख्याध्यापिकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. अक्षर तिचंच होतं. फक्त शेवटच्या रकान्यातल्या एका वाक्याखाली लाल शाईची रेघ नवीन होती: ‘मुलगी फळ्यापाशी अडली, तेव्हा सर अकरा मिनिटं एक शब्दही बोलले नाहीत.’

“माझंच आहे,” ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीत गणिताचे सर बसले होते. दोघांना शाबासकी द्यायला बोलावलंय, अशी तिची भाबडी समजूत.

महिन्यापूर्वी परिपत्रक निघालं होतं. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावं, एकमेकांपासून प्रेरणा घ्यावी, आणि घेतल्याचा पुरावा म्हणून तक्ता भरून द्यावा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर यथेच्छ टिंगल झाली. बहुतेकांनी चहा पिता पिता एकमेकांचे तक्ते भरून टाकले, वर्गाकडे फिरकलेही नाहीत. हिला मात्र भारी हौस. ही खरोखरच जाऊन बसली, तेही मुलं ज्यांना मौनीबाबा म्हणतात त्या गणिताच्या सरांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर.

तिथं एक मुलगी अपूर्णांकांच्या बेरजेत अडली होती. सर खिडकीला टेकून नुसते उभे. कुणी उत्तर पुटपुटलं की सरांचं बोट ओठांवर. मुलीनं पुसलं, पुन्हा लिहिलं, रडकुंडीला आली, पुन्हा पुसलं. अकराव्या मिनिटाला तिची चूक तिलाच सापडली. मग ती काही जागेवर जाईना. पुढचं गणितही मीच सोडवते, म्हणाली.

शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईला स्वतःची लाज वाटली. चार वर्षं ती मूल जरा अडखळलं की उत्तर सांगून मोकळी होत आली होती, आणि त्यालाच शिकवणं म्हणत होती. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. साधनांचा वापर होता, गटकार्य होतं, शिस्त होती. म्हणून तिनं सगळं ‘इतर शेरा’मध्ये लिहिलं, जागा पुरेना तर मागच्या बाजूलाही लिहिलं.

“तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “बाकीचे तक्ते म्हणजे नुसतं गोडगोड. संस्थेला पुढच्या सत्रापासून गणिताचा एक शिक्षक कमी करायचाय. त्याला लेखी कारण लागतं. ते तुमच्यामुळे मिळालं.”

“मॅडम, ही तक्रार नाहीये. मी कौतुक केलंय.”

“पस्तीस मिनिटांचा तास, त्यात अकरा मिनिटं शिक्षक गप्प. यात कौतुक कसलं?”

“पण त्याच्या खालचं वाक्य वाचा ना. शिकवणं म्हणजे काय ते मला आज कळलं, असं लिहिलंय मी.”

“ते तुमचं मत झालं. वरची ती वस्तुस्थिती.”

“मग मी हा परत घेते. दुसरा लिहून देते.”

“घ्या की,” मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या. “पण मग दोन्हींतला खोटा कोणता, ते मला विचारावं लागेल. आणि तुम्ही अजून कायम व्हायच्या आहात.”

कागदाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. घरची चूल तिच्या पगारावर पेटत होती, हे खरं. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला स्वतःची किळस आली, हेही तितकंच खरं.

सरांनी कागद उचलला. पुढची बाजू वाचली, उलटा करून मागची वाचली. त्यांचा चेहरा पडेल या भीतीनं ती दुसरीकडे बघत होती. तो पडला नाही.

“मॅडम, याची एक झेरॉक्स मिळेल?”

“कशाला? कोर्टात जाताय?”

“छे हो. घरी दाखवायला. सव्वीस वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं.”

मुख्याध्यापिकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या घड्याळाकडे. “कार्यालयीन कागद आहे, सर. बाहेर देता येत नाही. वाचून झाला असेल तर खाली सही करा.”

सरांनी पेन घेतलं नाही. चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि कागद पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला. सावकाश, ओठ हलवत, पाठ करायला दिलेल्या कवितेसारखा.