तळाची पट्टी

"प्रत्येक वस्तूवर किंमत हवी," असं म्हणत रोंडानं खुर्चीच्या पाठीवर पिवळा गोल कागद चिकटवला. खुर्चीत तिचा सासरा डेल्मर बसला होता.

डेल्मरनं मान वळवून कागद वाचायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळली नाही.

रोंडा फिनिक्सहून खास या गॅरेज सेलसाठी, म्हणजे घरातलं जुनं सामान गॅरेजमध्ये मांडून विकायला, आली होती. मार्चमध्ये सासूच्या, आर्डिसच्या, अंत्यविधीला यायला तिला जमलं नव्हतं. सेल मात्र तिनं अभ्यास करून मांडला होता. गावातल्या प्रत्येक वळणावर बाणाची पाटी, डब्यात सुटे पैसे, रस्त्याकडेला डोळ्यांत भरणारा माल, भंगार आत, आणि हलक्या आवाजात गाणी. गाणी ऐकली की माणसं घासाघीस कमी करतात म्हणे. आर्डिसचे कोट तिनं रंगांप्रमाणे लावले होते. आर्डिस जिवंत असताना तिच्याकडे रोंडानं इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

मग ती भांड्यांच्या टेबलाकडे वळली. ओव्हनमध्ये चालणारी काचेची, चिनी मातीची, झाकणाची, बिनझाकणाची.

"ती नको," डेल्मर म्हणाला. "ती परत द्यायचीत."

"कुणाला?"

"लोकांना."

"बाबा, जून संपत आला. आलं का कुणी मागायला?"

"मागत नाहीत गं."

"म्हणजे त्यांनाही नकोयत. झालं तर मग." टपाटप कागद चिकटले.

आर्डिस गेली त्या आठवड्यात गावानं त्या भांड्यांतून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश आणून दिली होती. बटाट्याची, नूडल्सची, चिकनची. खाणारा एक आणि भांडी टेबलभर. आता ती परत करायची, पण रिकामं भांडं इथं कुणी कुणाच्या हातात देत नाही. आर्डिस होती तेव्हा त्यात घरचा पाव असायचा. डेल्मरला अंडंही धड उकडता येत नव्हतं. म्हणून त्यानं गॅरेजमागे टोमॅटो लावले होते. पिकले की एकेक भांडं भरायचं आणि एकेका दारात जायचं. हातात भांडं असलं की दार उघडतं, खुर्ची पुढे येते, कॉफी होते. नुसतं गेलं आणि त्यांनी विचारलं, काय रे, काय काम काढलंस, तर काय सांगायचं?

"टोमॅटो अजून हिरवेत," तो सुनेला म्हणाला.

"हो का," रोंडा म्हणाली, आणि आता याला एकट्याला ठेवून चालणार नाही अशी मनाशी नोंद केली.

सकाळी सात वाजता गिऱ्हाईक आलं. मेलेल्या बाईच्या कोटांच्या खिशात हात घालून बघणारं, बाहेरगावचं, फुकट दिलं तरी अजून थोडं कमी करा म्हणणारं. त्यांच्यामागून समोरच्या घरातली लव्हॉन आली. भांड्यांच्या टेबलापाशी थांबली. तिनं एक काचेचं भांडं उचललं आणि उलटं केलं.

तळाला चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईत लव्हॉनचं नाव होतं. तिनं शेजारचं भांडं उलटलं, मग त्याच्या शेजारचं. सगळी नावं ओळखीची. तिनं खुर्चीकडे बघितलं. डेल्मर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"केवढ्याला?" लव्हॉननं विचारलं.

"दोन डॉलर. जुनी काच आहे, आता मिळत नाही अशी."

"कोपऱ्याचा टवका उडालाय."

"हे कशानं झालं असेल?" रोंडानं वाकून बघितलं.

"माझ्या सिंकवर आपटलं होतं."

रोंडा हसली. तिला वाटलं, बाई गमतीदार आहे. "बरं, दीड द्या."

लव्हॉननं भांडं तिच्या नाकासमोर उलटं धरलं. "आणि हे?"

"अय्या, पट्टी राहिली वाटतं! काही नाही हो, थोडं तेल चोळा, लगेच निघते."

लव्हॉननं दीड डॉलर मोजून डब्यात टाकले. "पोरी," ती म्हणाली, "तुला वाचता येतं ना गं?"

"म्हणजे?"

लव्हॉन खुर्चीपाशी गेली. "डेल्मर, मी माझं भांडं विकत घेतलं. आता तू मला काही देणं लागत नाहीस."

हात टेकत डेल्मर उठला आणि गॅरेजमागे गेला. लव्हॉन भांडं घेऊन त्याच्यामागून गेली. त्यानं वाकून लिंबाएवढे हिरवे टोमॅटो तोडले, आणि एकेक करून तिच्या भांड्यात ठेवले.

"कच्चे आहेत रे."

"माहितीय."

"तळून बघते. उद्या चर्चनंतर ये खायला."

तोवर गावातल्या आणखी बायका आल्या होत्या. भांडी उलटी होत होती, डब्यात नाणी पडत होती, आणि प्रत्येक बाई आपलं भांडं छातीशी धरून गॅरेजमागे जाऊन उभी राहत होती. एकीमागे एक.

रोंडा टाचा उंचावून ओरडली, "अहो, तिकडे काही विकायला नाहीये! रांग इकडे आहे!"

एकीनंही वळून बघितलं नाही.