घरी कळू देऊ नका

गावातली आशा सेविका करुणा हिला गेणबा दर सोमवारी सकाळी चावडीमागं गाठायचे. "टीबीच्या गोळ्या घरी आणू नगंस, पोरी. सूनबाईला कळलं तर नातवाला हात लावू द्यायची न्हाई."

दुपारी त्यांची सून सुषमा शाळेमागं यायची, त्याच गोळ्या न्यायला. "ताई, आमच्या आबांस्नी कळू देऊ नका. लेकराला माझ्यापासून तोडत्याल."

करुणानं दोघांनाही शब्द दिला आणि तीन महिने पाळला.

आज दोघं एकत्रच तिच्या दारात आले. आबांच्या खांद्यावर सव्वा वर्षाचा स्वराज खोकून खोकून मलूल पडला होता. आणि सासरा-सून दोघंही, एकमेकांच्या नकळत, करुणाला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगत होते.