धरून चालायचं

तळघरात प्लास्टर करताना वरचा स्लॅब कोसळला आणि दोघे गवंडी भाऊ काळ्याकुट्ट अंधारात अडकले. धाकट्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दादा, आता आपण मरणार!"

"वाचणार, असं धरून चाल. म्हणजे पुढचं सुचतं. हाताशी पाण्याचा पाइप असेल, त्यावर थापीनं ठोक. मी बाहेरची चाहूल घेतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की! पण भीती काही पाइप ठोकत नाही. तू ठोक."

रडत रडत धाकटा ठोकत राहिला. अखेर वरून हाका आल्या, दगड हलले, उजेडाची तिरीप आत शिरली.



तेव्हा कुठे त्याला दिसलं, दादाचे दोन्ही पाय मघापासून तुळईखाली चिरडलेले होते.