कोऱ्या पट्टीचं भांडं

आमच्या आयोवातल्या चर्चमध्ये जेवण असलं की प्रत्येकीनं घरून गरम पदार्थाचं भांडं आणायचं, तळाला नावाची चिकटपट्टी लावून. चाळीस वर्षांपूर्वी मक्याच्या शेतात सापडलेल्या अनोळखी मृत बाईच्या डीएनए तपासणीचे पैसे जमवायला आम्ही तिकिटं लावून नऊ जेवणं केली. दर वेळी तेच एक निळं, रिकामं भांडं मागं उरायचं. पट्टी कोरी.

आज दुपारी चर्चमधलं जेवण आटोपलं आणि शेरीफचा फोन आला. तिच्या दूरच्या चुलतभावाच्या डीएनएवरून नाव सापडलं, लोर्ना वेडल. चाळीस वर्षांनी सुटली बिचारी! आम्ही रडलो, हसलो आणि भांडी घासायला लागलो.

निळ्या भांड्याच्या पट्टीवर लिहिलं होतं, लोर्ना वेडल.

"व्हर्ना, तू लिहिलंस?"

"माझे हात साबणात आहेत, बाई! पण बरं झालं, कुणाला परत द्यायचं ते तरी कळलं."

माझ्या हातातलं ते रिकामं भांडं हळूहळू गरम होऊ लागलं.